पाखाडी चढणारा डॉक्टर

2011च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001पेक्षा कमी भरली. कोकणात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. तरुण मुंबईला, घरं कुलूपबंद. गणपतीला आणि शिमग्याला वाडी भरते. एरवी उरतात ती माझ्या आत्यासारखी माणसं, रक्तदाब, साखर आणि दुखरे गुडघे घेऊन.

आत्याकडे गोळ्यांची एक पिशवी आहे. काही मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या, काही तालुक्याच्या, काही आरोग्य केंद्रातल्या. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातंय का, हे कोण बघणार? आशाताई मायेनं विचारपूस करून जाते, पण गोळी बदलणं तिच्या हातात नाही. पूर्वी बाजारपेठेतले डॉक्टर पाखाडी चढून घरी यायचे. त्यांच्या हाताला गुण होता, असं वाडी अजून म्हणते. मला वाटतं, तो गुण ओळखीचा होता. जमिनीच्या वादानं आत्याची झोप उडालीय हे त्यांना माहीत असायचं. म्हणून गोळी लिहून देण्याआधी ते पडवीत बसून तिचं सगळं ऐकून घ्यायचे. ते थकले, दवाखाना बंद झाला. त्या जागी कुणी आलं नाही.

डोंगराळ भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. त्यात डोकी मोजली जातात, वय नाही. तिथे बंधपत्राच्या वर्षभरासाठी एखादा तरुण डॉक्टर येतो, जीव ओतून काम करतो आणि माणसं ओळखीची होईपर्यंत पुढच्या शिक्षणासाठी निघून जातो. त्याला दोष कसा द्यायचा?

2024पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, पण इस्पितळात दाखल झाल्यावर. तशी वेळच येऊ नये म्हणून महिन्याच्या महिन्याला तपासणाऱ्या डॉक्टरची फी त्यात बसत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

कौटुंबिक वैद्यकशास्त्रातलं एमडी वाढवावं, हे 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय. आता दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे हे शिक्षण मिळावं, शिकणाऱ्यांना याच वाड्यांवर पाठवावं. राहायला धड घर द्यावं, वर्षा-वर्षाला बदली करू नये. आणि घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला तपासणं हेही काम म्हणून नोंदलं जावं, त्याचा मोबदला मिळावा.