पुन्हा हजेरीपटावर

आम्ही नोकरी सोडली तेव्हा कोणी कारण विचारले नाही. पुन्हा धरली तेव्हा मात्र सर्वांनी विचारले. "आता या वयात कशाला?" हा प्रश्न भाजीवालीपासून चुलतसासूबाईंपर्यंत सर्वांच्या तोंडी होता.

2011 साली सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही हिशेबनिसाची नोकरी सोडली. घरात दुसरे कोणी नव्हते म्हणून सोडली. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांचे औषधपाणी, अंग पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, हेच दहा वर्षे आमचे वेळापत्रक होते. 2021 साली त्या गेल्या. पुढे कित्येक दिवस पहाटे आमची पावले त्यांच्या खोलीकडे वळत आणि दारापाशी गेल्यावर ध्यानात येई की, आत आपले काही काम उरलेले नाही.

दोन वर्षे एका दुकानाचे हिशेब अर्धवेळ लिहिले. मग पूर्ण वेळेच्या नोकरीसाठी अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मधल्या काळात काय करीत होता?" आम्ही सांगितले. "म्हणजे काहीच नाही," असे म्हणून त्यांनी कागदावर एक रेघ मारली. ती रेघ पुष्कळ दिवस डोळ्यांपुढून हलेना.

अखेर 2023 च्या जूनमध्ये धारवाडच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत जागा मिळाली. आम्ही हुबळीकर. मधल्या काळात गाव सोडून कोठे गेलो नव्हतो, तरी गाव बदलले होते. 1 नोव्हेंबर 2014 पासून हुबळीचे कागदोपत्री हुब्बळ्ळी झाले होते. पूर्वी बसच्या दांडीला लोंबकळत धारवाड गाठणारे आम्ही आता स्वतंत्र मार्गावरून धावणाऱ्या 'चिगरी'त बसलो. चिगरी म्हणजे कानडीत हरिण. गाडी हरिणाच्या वेगाने निघाली होती. आमचे मन मात्र परत फिरू पाहत होते.

कचेरीचा कारभार कानडीत. येथल्या मराठी घरांना कानडी परकी नाही. साधनकेरीच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो कानडी कवितेसाठी. पण आम्ही काही बेंद्रे नव्हे! बोलताना अडत नसे. लिहिताना मात्र जोडाक्षरागणिक घाम फुटे. शेजारच्या टेबलावरची मुलगी आम्हांला 'वैनी' म्हणते. आपली वहिनी धारवाडी कानडीत अशी सुखाने नांदते. मधल्या सुट्टीत "ऊट आतेन री?" म्हणून ती जेवणाची चौकशी करी आणि डबा धुऊन झाला की 'नुडी'वर कानडी अक्षरे उमटवायला शिकवी. आम्ही तिला जुन्या खतावण्या वाचायला शिकविल्या. उपकाराचा प्रश्नच उरला नाही.

तिसऱ्या महिन्यात आमच्या हातून मोठी चूक झाली. पगारपत्रकात एक ओळ खाली सरकली आणि एकाचा भत्ता दुसऱ्याच्या नावावर पडला. चाळीस जणांचे पगार एक दिवस लांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही पर्समध्ये राजीनामा घेऊनच गेलो. व्यवस्थापिकाबाईंनी चूक कोणाची हे विचारले नाही. कशी झाली एवढेच विचारले. त्या दिवसापासून नियम झाला, की प्रत्येक पत्रक दुसऱ्याने तपासायचे; खुद्द बाईंनी केलेलेदेखील. आम्हांला वयाकडे पाहून क्षमा केली असती, तर तो राजीनामा आम्ही खरेच टेबलावर ठेवला असता.

त्यावरून बेंगेरीची आठवण झाली. 1957 साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे ध्वजनिर्मितीचे केंद्र आमच्या हुबळीतच आहे. तेथील कामगारांत बहुतेक स्त्रिया. सूत, विणकाम, रंग, चक्राची छपाई, शिवण, दोरी असा एकेक टप्पा वेगळ्या हातांतून जातो. चक्राचे चोवीस आरे कापडाच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळावे लागतात. म्हणून तेथे तपासणी पदोपदी होते आणि तो आपल्या हाताचा अपमान आहे, असे कोणी समजत नाही.

आमच्या कचेरीत चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे एक लिपिक आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी कचेऱ्यांवर अशा माणसांची सोय करण्याचे बंधन घातले. आमची संस्था खासगी. तरीही त्यांच्यासाठी फायलींची मांडणी खालच्या फळ्यांवर आणली गेली. त्याचा पहिला लाभ आमच्या गुडघ्यांना झाला. स्टुलावर चढणे सुटले! 2017 साली बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले. हे चांगलेच झाले. पण पाळण्यासाठी जे झाले, ते म्हाताऱ्यांच्या खाटेसाठी अजून व्हायचे आहे. त्या खाटेपायी किती जणींची नावे हजेरीपटावरून गळली असतील!

वर्ष पुरे झाल्यावर आम्हांला कायम करण्यात आले. फॉर्म भरताना 2011 ते 2021 चा रकाना आला आणि लेखणी थांबली. जुनी रेघ आठवली. बाई म्हणाल्या, "रिकामे सोडू नका. जे केले ते लिहा."

आम्ही लिहिले: 'सासूबाईंची शुश्रूषा. दहा वर्षे. पूर्ण वेळ.'

बाईंनी वाचले आणि खाली सही केली.