नमनाला घडाभर तेल

आम्हा आयटीवाल्यांचं अर्धं आयुष्य कोड लिहिण्यात जातं आणि उरलेलं अर्धं त्याबद्दलच्या स्लाइड्स बनवण्यात. प्रेझेंटेशन कसं द्यावं याचं ट्रेनिंगही मिळतं. डोळ्याला डोळा भिडवा, हात खिशात घालू नका, स्लाइडवर फार ओळी नकोत वगैरे. सगळं बरोबर. पण ऐकणारा खोलीबाहेर पडताना डोक्यात काय घेऊन जातो, हे कोणी विचारत नाही.

कोलंबिया यानाचं उदाहरण घ्या. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनियरांनी अभ्यास करून वरिष्ठांपुढे स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. सूर असा, की टाइल्सच्या नुकसानीचा आपला अंदाज मुळातच जास्तीचा आहे. आणि अगदी तळाला, शेवटच्या ओळीत: आदळलेला तुकडा १९२० घनइंचाचा, चाचणीतला ३ घनइंचाचा. म्हणजे ६४० पट! थोडक्यात, या प्रसंगाबद्दल त्या चाचण्या फारसं काही सांगूच शकत नव्हत्या. खरी बातमी ती होती, आणि ती तळघरात बसली होती.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले. एका स्लाइडमुळे हे झालं असं म्हणणं बाळबोध ठरेल. पण चौकशी अहवालाने त्या स्लाइडची आणि रिपोर्टऐवजी पॉवरपॉइंटवर भागवण्याच्या सवयीची खास दखल घेतली.

आता याच्या उलट बघा. चॅलेंजरच्या अपघातानंतर, फेब्रुवारी १९८६ मध्ये, रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीत रबरी रिंगचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढल्यावर तो लगेच मूळ आकारात आला नाही. थंडीत रबर दगा देतं, हे सगळ्यांना समोर दिसलं. स्लाइड एकही नाही!

आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीच्या स्लाइडचं शीर्षक होतं, 'बॅकअप रोज होतो'. खाली बारीक अक्षरांत, 'रिस्टोर अजून तपासलेला नाही'. मी म्हटलं, "अगं, ही खालची ओळ वर घे." ती म्हणाली, "क्लायंट घाबरेल ना!" घाबरू दे की. तिने ओळ वर घेतली. मीटिंगमध्ये पाच मिनिटं भयाण शांतता. पण त्याच शनिवारी रिस्टोर करून बघायचं ठरलं आणि दोन टेबलं रिकामी निघाली. बरं झालं, तेव्हाच कळलं.

नमनाला घडाभर तेल जाळायची आपली जुनी खोड आहे. कंपनीची ओळख, अजेंडा, मग आणखी एक अजेंडा... आणि वाईट बातमी येईपर्यंत लोक घड्याळ बघायला लागलेले. तुमची पुढची प्रेझेंटेशन फाइल उघडा, शेवटच्या स्लाइडची शेवटची ओळ वाचा. ती शीर्षक व्हायच्या लायकीची असेल, तर हलवा तिला वर. आवाज थरथरला तरी चालेल.