वळिवड्याचे पाहुणे

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घ्यायचे आणि परतताना गांधीनगरात दिवाळीचे कापड घ्यायचे, हा आमच्या घरचा ठरलेला बेत. यंदा सौ. दुकानात रमल्या आणि मी पाय मोकळे करायला म्हणून शेजारच्या वळिवड्याकडे निघालो. तिथला स्मृतिस्तंभ पाहून मात्र थबकलो.

१९४३ ते १९४८ या काळात इथे पोलंडची सुमारे ५,००० माणसे राहत होती. त्यांत बायका-मुलेच अधिक. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची कुटुंबेच्या कुटुंबे रशियाने सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. भुकेने आणि टायफसने कित्येक मुलांचे आईबाप तिथेच गेले. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर वाचलेले लोक इराणमार्गे आपल्याकडे आले. नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, १९४२ मध्ये बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. ती १९४६ मध्ये मोडली, तेव्हा तिथली मुलेही वळिवड्यालाच आली.

इथे त्यांना नुसता आसरा मिळाला असे नाही. बराकींच्या ओळींत पोलिश शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती. आपल्या भाषेत रागावणाऱ्या मावश्या होत्या, पाठ घेणारे मास्तर होते. पोरक्या मुलांना आईबाप काही परत मिळाले नाहीत. पण गाव मिळाले.

स्तंभासमोर मला आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा आठवला. २०२१ च्या कोरोनात त्याचे आईवडील आठवड्याच्या अंतराने गेले. आता तो आणि त्याची आजी. आम्ही वर्गणी काढली, शाळेची फी भरली आणि हात झटकले. त्या दाराची कडी मात्र पुन्हा कधी वाजवली नाही.

दुकानात परतलो. वळिवड्याचा विषय काढताच सिंधी दुकानदार हसून म्हणाले, "साहेब, फाळणीनंतर आमच्या आजोबांची इथली पहिली चूल त्याच बराकीत पेटली!" पोलिश लोक गेले, सिंधी निर्वासित आले, आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले.

सौ.ना सारे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त बांधलेले गाठोडे त्यांनी पुन्हा सोडायला लावले आणि आणखी एका सदऱ्याचे कापड मागितले.

"माप?" दुकानदारांनी विचारले.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. चार वर्षांत तो किती वाढला, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

"जरा जास्तच द्या," सौ. म्हणाल्या. "नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाला बोलावू, तेव्हा माप घेऊ."