ह्यांची तबकडी

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात 'ह्यांची' म्हणून एखादी वस्तू असेलच, जिला आपण नुसता हात लावला तरी बाहेरच्या खोलीतून आवाज येतो. आमच्याकडे ती आहे ग्रामोफोनची तबकडी. क्वीन नावाच्या इंग्रज बँडची, १९७५ सालची, 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'. पुण्याला हॉस्टेलवर असताना महिनाभर एकवेळ जेवून ह्यांनी ती घेतली. यवतमाळच्या या घरात ती माझ्याआधी आली, म्हणजे मानानं थोरलीच!

पांढऱ्या वेष्टनावर सिंह, खेकडा आणि पऱ्या. ते चिन्ह गायक फ्रेडी मर्क्युरीनं स्वतः काढलेलं. सासूबाईंना मात्र ती मुळीच खपत नसे. "काय बाप्पा हा गोंगाट!" म्हणत त्या जपमाळ घेऊन अंगणात जात. मलाही तेव्हा फ्रेडीच्या डोळ्यांतलं काजळ नि एका हाताची काळी नखं, एवढंच दिसे. त्या वर्षांत विलायतेत पुरुषांनी चकचकीत साटीन घालून, तोंडाला रंग लावून गायची टूम होती. तिला ग्लॅम रॉक म्हणत. पण आपण तरी नवल कशाला करावं? बालगंधर्वांचं पाहून साडी नेसणाऱ्या बायकांच्या नाती-पणत्या आपण!

शिवाय हा फ्रेडी अगदीच परका नव्हे बरं का. पारशी घरातला, मूळचा फारोख बल्सारा. जन्म झांझिबारचा, १९४६ चा, पण शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. पहिला बँडही त्यानं तिथेच मित्रांबरोबर काढला. १९९१ साली तो गेला, तेव्हा हे दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गाणी पुन्हा निघाली, त्याला कारण ह्यांचे कान. वयामुळे आधी बारीक, उंच आवाज जातात आणि जाडे राहतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ह्यांना रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येतो, पण माझी हाक नाही, नातीचं बोलणं नाही. मशीन आणलंय, ते डब्यात असतं. (तुमच्याकडेही डब्यातच असेल!) तेच वाक्य तीनदा ओरडून सांगितलं की भांडल्यासारखं वाटतं हो. मग आपण सांगणंच सोडतो. घर हळूहळू गप्प झालं.

रेकॉर्ड प्लेअर केव्हाच मोडीत गेला. लेकीनं मोबाइलवर तीच गाणी लावून दिली, मोठा स्पीकर आणला. पहिलं 'बोहेमियन रॅप्सडी' लावलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, मधला भाग थेट संगीत नाटकासारखा. तिघांनीच आवाजावर आवाज चढवलेत. फीत इतक्या वेळा फिरली की झिजून आरपार दिसायला लागली म्हणे. त्यातला सगळ्यात उंच सूर ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा. तो आला नि हे म्हणाले, "काढून टाकला का तो तुकडा?"

मी मान हलवली. गाणं पुन्हा लावलं आणि तो सूर लागला तिथे बोट वर केलं. ह्यांनी बोटाकडे पाहिलं आणि हसले. आठवणीतला सूर तिथे बसवला असावा.

मग 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. हे फ्रेडीचं नव्हे, बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. चौघांतला सगळ्यात अबोल. त्यानं ते आपल्या बायकोसाठी लिहिलं. त्यात इलेक्ट्रिक पियानो हवा होता, फ्रेडीला तो आवडेना, तर या गृहस्थानं स्वतः शिकून वाजवला! ह्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला होता. खालचा सूर हाताला लागतो.

"बायकोसाठी लिहिलंय ते," हे आपणहून म्हणाले.

"मग इतक्या वर्षांत मला सांगितलं नाहीत ते!" मी ओरडले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकू हातातलं काम थांबवून ऐकायला लागल्या.

"काय?"

"मला कधी सांगितलं नाहीत!"

"थांब," म्हणत हे उठले. डबा उघडला, मशीन कानात बसवलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हं. आता बोल."