गोंदियातून पहाटेचे सॉकर

अमेरिकेतील ‘मेजर लीग सॉकर’ १९९६ साली दहा संघांनिशी सुरू झाली. जुलैमध्ये न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातचा सामना लागतो, तेव्हा गोंदियात पहाटेचे पाच वाजलेले असतात. रोवणीच्या दिवसांत बांध गाठण्याआधी निदान पूर्वार्ध तरी पाहून होतो.

या लीगची खरी गोडी चुरशीत आहे. पगारखर्चावर मर्यादा असल्याने श्रीमंत क्लबांची मक्तेदारी सहसा टिकत नाही. २०१७ ते २०२२ या सहा हंगामांत सहा निराळे विजेते झाले. मोजक्या खेळाडूंना मर्यादेपलीकडे मानधन देण्याची मुभा आहे. तिच्यामुळेच २००७ मध्ये बेकहॅम आणि २०२३ मध्ये मेस्सी इथे आले.

२०२३ मध्ये पश्चिम विभागात तेराव्या स्थानी राहिलेल्या एलए गॅलेक्सीने २०२४ चा करंडक जिंकला. म्हणूनच हरणाऱ्या संघाच्या चाहत्यालाही पुढच्या हंगामाची ओढ राहते.