केडगांवचें मुक्तिसदन

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडाच्या अलीकडे केडगांव लागतें. (नगरजवळचें केडगांव तें निराळें.) दत्तभक्तांना हें गांव नारायणमहाराजांच्या बेटामुळें परिचित आहे, आणि बहुतेक यात्रेकरू बेटाचें दर्शन घेऊन परत फिरतात. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदनहि येथेंच आहे. तेथें जावें कीं नाहीं, हा विकल्प अजूनहि कित्येक घरांत ऐकूं येतो. आम्हीं गेलों, आणि त्या विस्तीर्ण आवारांत फिरतांना आमच्या मनांत सारखे अनंतशास्त्री डोंगरेच येत राहिले.

शास्त्रीबोवांनीं पत्नीला संस्कृत शिकविलें, म्हणून त्यांना केवढा रोष पत्करावा लागला! त्यांचें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला. तिरुपतीच्या बाजूस जंगलांत कित्येक दिवस त्यांनीं पाल्यावर काढले. पिता, माता व थोरली बहीण एकापाठोपाठ गेलीं. आई अखेरच्या अवस्थेंत असतां रमाबाई भाकर मागावयास एका ब्राह्मण बाईच्या दारीं गेल्या, तों लाजेनें जीभच वळेना. ती भाकर मिळाली, पण आईला ती खाववली नाहीं. भागवत मुखोद्गत असलेल्या मुलीचा हा प्रसंग तिनें पुढें स्वतःच लिहून ठेवला आहे.

दुःखाचा फेरा तेथें थांबला नाहीं. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ सालीं पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनें गेले. कडेवर मनोरमा राहिली. १८८३ सालीं विलायतेंत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, तो आठ वर्षांनीं मिळाला, असें त्या स्वतः सांगतात. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्ञानेश्वरी पाठ करणें व ती अंगीं बाणणें ह्यांतलें अंतर आपणांस ठाऊक आहेच कीं!

१८९३ सालीं शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा पगडा बसतो ह्या कारणावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनीं आपला संबंध तोडला, व ‘केसरी’नें कठोर टीका केली. पालकांची ती तक्रार आम्हांस सर्वस्वीं निराधार वाटत नाहीं. सदनांत धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं, ह्या भरंवशावर त्यांनीं मुली धाडल्या होत्या. पण १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुलींना व विधवांना उचलून आणणारें दुसरें कोण होतें, हाहि प्रश्न टळत नाहीं. पुण्यांत तेव्हां प्लेगाची साथ होती. मुलींना शहरांत ठेवण्याची सोय राहिली नाहीं, म्हणून केडगांवीं घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू ठोकले, आणि तंबूंचें मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. शेत, विहिरी, माग, आंधळ्यांचें शिक्षण. जिच्या हातून जें होईल तें काम तिला. भाकरीसाठीं जीभ न वळलेल्या मुलीनें दुसऱ्या मुलींना भाकरीबरोबर काम कां दिलें, हें वेगळें सांगावयास नको.

आम्हां संस्कृतवाल्यांना सर्वांत नवल वाटलें तें बायबलाच्या भाषांतराचें. समासांत वाढलेल्या ह्या पंडितेनें हिब्रू व ग्रीक ह्यांचा अभ्यास करून मराठी मात्र मुद्दाम साधी लिहिली, खेड्यांतल्या बाईला कळावी म्हणून. वर्षानुवर्षें तें काम चाललें होतें. १९२१ सालीं मनोरमा गेली. लेकीमागें बाई फार दिवस राहिल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. मुक्तीच्याच छापखान्यांत, तेथल्या मुलींनीं खिळे जुळवून छापलेला.