खोटी

एका मालवाहतुकीच्या कचेरींत मीं पंधरा वर्षें हिशेब लिहिले, ही गोष्ट मी नव्या ओळखीच्या माणसाला सहसा सांगत नाहीं. लाज वाटते म्हणून नव्हे. पण ती सांगितली कीं ऐकणाराच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव उमटतो, आणि मालमोटारींनीं त्याला आजवर जो जो त्रास दिलेला असतो त्या सर्वांचा जबाब मला द्यावा लागतो. रात्रीं डोळ्यांवर दिवे सोडणें, घाटांत वाट अडविणें, या साऱ्यांचा जणूं मी मुखत्यार! वस्तुतः माझा संबंध गाड्यांशीं नव्हता, वह्यांशीं होता. आणि वहींतल्याच एका शब्दाविषयीं मला आज लिहावयाचें आहे.

कचेरी कळंबोलीच्या लोखंड-बाजारांत होती. मालकांच्या बारा गाड्या, साऱ्या सपाट पाठीच्या. ना बाजूला फळ्या, ना वर छप्पर. जालन्याच्या कारखान्यांतून लोखंडी सळया आणावयाच्या, डोलवीहून पोलादी पत्र्याचीं प्रचंड भेंडोळीं उचलावयाचीं, हा धंदा. २०२३ च्या पावसाळ्यांत बारांपैकीं पांच गाड्या चालकांवांचून उभ्या राहिल्या. गाडी चालती आहे कीं उभी आहे, हें बँकेचा हप्ता पाहत नाहीं. मालक मला म्हणाले, "मुनीमजी, जाहिरात द्यायची आहे. पण त्याआधीं या लोकांना पाहिजे तरी काय, तें एकदां विचारून या. पगाराचा आंकडा मी पाहतों."

मीं एक कोरी वही घेतली; नांव, गांव, सध्यांचा पगार, अपेक्षित पगार असे चार रकाने आंखले, आणि संध्याकाळीं आवाराच्या मागच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलों. मुनीमजी स्वतः आले, तेव्हां कोणाचे तरी पैसे कापले जाणार, असाच प्रथम सर्वांचा समज झाला असावा. तो दूर व्हायला दोन वेळां चहा सांगावा लागला. मग आठदहा जण मोकळेपणानें बोलले. पण तासाभरानें पाहतों तों चौथा रकाना जवळजवळ रिकामाच!

पैसे नकोत असें कोणीं म्हटलें नाहीं. तो कांहीं साधूंचा आखाडा नव्हता. परंतु आंकडा विचारला कीं बोलणें दुसरीकडेच वळे. जौनपूरकडचा एक तरुण मोडक्यातोडक्या मराठींत म्हणाला, "चाक फिरलं तर पैसा. चाक थांबलं तर मी कोण?" दर खेपेला ठराविक रक्कम आणि वाटखर्चाचा भत्ता, ही आमची रीत. जालन्याहून भरलेली गाडी एका रात्रींत येई. मग गिऱ्हाइकाच्या फाटकाशीं क्रेनची वाट पाहत दोन दोन दिवस उभी राही. २०२२ च्या डिसेंबरांत समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, २०२५ च्या जूनमध्यें तो आमण्यापर्यंत पोंचला. रस्त्यानें जे तास वांचविले ते फाटकाशीं जमा झाले, एवढेंच.

गाडी अशी खोळंबली म्हणजे ती 'खोटी झाली' असें म्हणतात. शब्द जुना आहे, आणि मीं तो हजारों वेळां लिहिलेला आहे. या खोटीचे पैसे मालक गिऱ्हाइकाकडून जमतील तेव्हां वसूल करीत. त्यांतला कांहीं भाग चालकाला द्यावा, हें कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें, माझ्याहि नाहीं. १९६१ च्या मोटार-वाहतूक कामगारांच्या कायद्यानें दिवस ८ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरविला होता खरा. पण मुक्कामाच्या जागीं नुसतें हजर राहण्याचा काळ १५ मिनिटांहून कमी असेल तर तो कामांत धरावा, असें त्यांतच म्हटलें होतें. दोन दिवसांचें काय? माझा एक भाचा अमेरिकेंत असतो. त्याच्याकडून समजलें कीं तेथेंहि चालकाला पुष्कळदां मैलावर मजुरी मिळते. आणि १९३८ च्या ज्या कायद्यानें इतर मजुरांना जादा तासांचें वाढीव वेतन दिलें, त्यांतून आंतरराज्य मालमोटारींचे चालक वगळलेले आहेत. म्हणजे खोटीला देशाची सीमा नाहीं!

दुसरी गोष्ट मला त्या संध्याकाळपर्यंत खरोखरच ठाऊक नव्हती. बंद गाडीचा चालक दाराला कुलूप लावून झोपूं शकतो. सपाट गाडीच्या चालकाचा माल म्हणजे उघड्यावरचा संसार. वीस टनांचें भेंडोळें चार साखळ्यांच्या आणि लाकडी पाचरींच्या भरंवशावर बसलेलें असतें. ब्रेक दाबला कीं गाडी थांबते. भेंडोळ्याला थांबण्याचें कांहींच कारण नसतें. आणि त्याच्या पुढें असते ती चालकाची केबिन. सळयाहि सैल असल्या कीं भाल्यासारख्या पुढें सरकतात. हें सारें मी पंधरा वर्षें 'वजन' या रकान्यांत लिहीत होतों.

बीडकडील एका वयस्क चालकाला सारे मामा म्हणत. त्यांनीं गाडींतून एक साखळी आणून माझ्या हातांत दिली. तिची एक कडी झिजून निम्मी झाली होती. "ही बदला म्हणून मी दोनदां सांगितलं, मुनीमजी. कचेरींतून उत्तर आलं, पुढच्या महिन्यांत." तें उत्तर देणारा मीच होतों. "साखळी, पट्टा, ताडपत्री चांगली असावी, आणि मालकाची असावी," ते म्हणाले. "बांधणी बरोबर नाहीं, मी निघत नाहीं, असं मी म्हटलं तर फोनवर कोणी ओरडूं नये. पावसांत ओल्या सळयांवर चढून ताडपत्री ओढायची, ती फाटली तर तिची किंमतहि आम्हीच द्यायची, हें बंद करा. आणि घरीं जायची तारीख दिली तर ती पाळा. लांबची द्या, पण पाळा."

ई-वे बिलाच्या मुदतीचीहि तक्रार निघाली. ती २०० किलोमीटरांस १ दिवस या प्रमाणानें धरतात; गाडी वाटेंत बिघडली तर मुदत वाढवून घेणें हें कचेरीचें काम. पण रात्रीं कचेरीचा फोन, म्हणजे माझाच, बंद असे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असणें सक्तीचें झाल्याचें वाचलें तेव्हां मला पुन्हां ती टपरी आठवली. उभ्या गाडींत थंड हवा हवी तर इंजिन चालू हवें. मग तें डिझेल कोणाच्या खातीं घालावयाचें, हें मामांनीं पहिल्यानें विचारलें असतें.

चालकांना खोटीचे पैसे दिले तर वर्षाला किती भार पडेल, हें काढण्यासाठीं मी त्या रात्रीं जुनें रजिस्टर चाळूं लागलों. डिसेंबर २०२१ च्या पानावर मामांच्या नांवापुढें माझ्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें: 'खोटी ३ दिवस. चालकास देय नाहीं. ताडपत्री फाटली, वजा.' आणि एकदम त्या तीन दिवसांतला एक फोन आठवला. मामांच्या मुलीचा साखरपुडा होता. गाडीपाशीं दुसरें कोणी पाठवितां येईल का, असें ते विचारीत होते. "माल उतरल्याशिवाय गाडी कशी सोडतां येईल, मामा?" असें मी म्हणालों होतों. ते "बरं" म्हणाले. टपरीवर त्यांनीं यांतलें एक अक्षरहि काढलें नव्हतें.

मालक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचें स्वतःचें भाडें गिऱ्हाइकें तीन तीन महिने थकवीत. मीं मांडलेला हिशेब त्यांनीं दोनदां तपासला आणि दुसऱ्या दिवसापासून खोटीचे पैसे चालकाला द्यावयाचें कबूल केलें. साखळ्या त्याच आठवड्यांत बदलल्या. रात्रीं फोन उचलला जाईल, या वाक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा मात्र फोन तुमचा हं!" 'घरीं जाण्याची तारीख पाळली जाईल' या वाक्यांत त्यांनीं 'शक्यतों' हा शब्द घातला. मीं तो खोडला, त्यांनीं पुन्हां लिहिला. आणि जाहिरात 'शक्यतों'सकट छापली गेली. पांचांपैकीं तीन गाड्यांना चालक मिळाले.

त्या हिंवाळ्यांत एका रात्रीं अडीच वाजतां फोन वाजला. कसारा घाटाच्या माथ्यावरून मामा बोलत होते. "एक साखळी सैल लागते, मुनीमजी. अंधारांत घाट उतरत नाहीं. उजाडलं कीं कसून निघतों." गिऱ्हाइकाची क्रेन सकाळीं सातला ठरलेली होती. "थांबा," मी म्हणालों. मग मला कांहीं झोप आली नाहीं.

सकाळीं वहींत लिहिलें: 'खोटी १ रात्र. देय.' ठरावाप्रमाणें पहिला दिवस देय नव्हता. मालकांनीं पानाखालीं सही केली. तो शब्द त्यांनीं वाचला होता कीं नाहीं, हें मीं त्यांना कधींच विचारलें नाहीं.